उबुंटू २४.०४ वर स्वतःची पायथन स्क्रिप्ट कमांडसारखी इन्स्टॉल कशी करायची? पिप नाही म्हणतंय

डीटीपी_दादा

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो मी प्रोग्रामर नाही, डीटीपीवाला आहे, छोटं ऑफिस आहे आमचं, पुस्तकं, स्मरणिका, लग्नपत्रिका, येईल ते काम. जुन्या फायली सगळ्या श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये पडलेल्या आणि आता जो येतो तो म्हणतो मजकूर युनिकोडमध्येच पाहिजे, म्हणून पायथन शिकत शिकत एक स्क्रिप्ट लिहिली. वर्डची फाइल द्यायची, ती तक्त्यात बघून एकेक अक्षर बदलते, पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप केलेली असते ती उचलून मागे नेते, रफार नंतर असतो तो पुढे आणते वगैरे. तक्ता वेगळ्या सीएसव्हीत ठेवलाय म्हणजे नवीन फॉन्ट आला की कोडला हात लावायला नको.

आता मुद्दा असा की स्क्रिप्ट ऑफिसात सगळ्यांना लागते. आत्तापर्यंत काय करायचो, पेनड्राइव्हवरून प्रत्येकाच्या होम फोल्डरमध्ये फाइल टाकायची, पिपने (पायथनच्या लायब्ररी आणून टाकणारी कमांड) पायथन-डॉक्स (वर्डच्या फायली वाचणारी लायब्ररी) टाकायचं आणि बॅशआरसीत (टर्मिनलची सेटिंग फाइल) एक अलियास, म्हणजे लांब कमांडचं छोटं नाव. चालत होतं. मागच्या महिन्यात मशीनं २२.०४ वरून २४.०४ वर नेली आणि पिप इन्स्टॉल म्हटलं की लाल अक्षरात "एरर: एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट" आणि खाली हे मोठं पुराण. एकाने सांगितलं की "ब्रेक सिस्टिम पॅकेजेस" नावाचा पर्याय जोड, पण नावातच ब्रेक आहे म्हटल्यावर हात धजेना. दुसरा म्हणाला डॉकर कर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट वेगळ्या डब्यात बंद करून चालव. एवढ्याशा स्क्रिप्टला डॉकर?

शिवाय कोणाच्या मशीनवर कुठली आवृत्ती आहे याचा पत्ताच लागत नाही, सगळीकडे फायलीचं नाव "कन्व्हर्ट फायनल नवीन". मला एवढंच पाहिजे की कुठल्याही फोल्डरमध्ये उभं राहून "युनिकर अमुक.डॉक्सएक्स" म्हटलं की झालं पाहिजे. एक विंडोजचं मशीन पण आहे, त्याचंही काही सुचवा.

टर्मिनलवाला

दादा, हात धजला नाही ते बरं झालं. (मोबाईलवरून लिहितोय, कमांड देवनागरीत आहेत, टर्मिनलवर अर्थात इंग्रजीत टाका.)

आधी ही एरर का येते ते. डेबियन-उबुंटूत सिस्टिमची स्वतःची बरीच कामं पायथनवर चालतात, चुकीची कमांड टाकल्यावर "हे अमुक पॅकेजमध्ये आहे" असं जो सांगतो तो कमांड-नॉट-फाउंड पायथनमध्ये, रात्री आपोआप अपडेट करणारं अनअटेंडेड-अपग्रेड्स पायथनमध्ये. ही पॅकेजेस एपीटी (उबुंटूचा स्वतःचा इन्स्टॉलर) सांभाळतं. पिपला एपीटीचं काही माहीत नाही आणि एपीटीला पिपचं. तुम्ही सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिपने काही टाकलं की ते /यूएसआर/लोकल खाली जातं आणि पायथन शोधताना ती जागा एपीटीच्या जागेच्या आधी बघतो, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टसाठी आणलेली नवी लायब्ररी सिस्टिमच्या प्रोग्रामलाही मिळते. जमलं तर जमलं, नाही जमलं तर एखाद्या दिवशी अपडेट अडकतं आणि कारण सापडत नाही. म्हणून पेप ६६८ (पेप म्हणजे पायथनवाल्यांचा क्रमांक दिलेला ठराव) आलं, डिस्ट्रोने पायथनच्या फोल्डरमध्ये "एक्स्टर्नली-मॅनेज्ड" नावाची एक फाइल ठेवायची, पिपला ती दिसली की त्याने थांबायचं. डेबियनमध्ये २०२३ ला १२ नंबरच्या आवृत्तीपासून आणि उबुंटूत २३.०४ पासून हे आहे. तुम्ही २२.०४ वरून थेट उडी मारली म्हणून एकदम आदळलं.

आता उपाय. दोन वेगळी कामं आहेत आणि लोक ती एकत्र करून गोंधळ घालतात. एक, स्क्रिप्टचं पॅकेज करणं, म्हणजे हिला काय काय लागतं आणि हिची कमांड कुठली हे लिहून ठेवणं. दोन, ते पॅकेज मशीनवर टाकणं.

पॅकेजसाठी फोल्डर असं करा: वर "युनिकर" नावाचा प्रोजेक्ट फोल्डर, त्यात "एसआरसी", त्यात पुन्हा "युनिकर", आणि त्या आतल्या फोल्डरमध्ये एक रिकामी __इनिट__.पीवाय आणि तुमचा कोड सीएलआय.पीवाय नावाने. एसआरसीचा मधला थर उगाच वाटेल पण ठेवा, नाहीतर शेजारी "नमुने" आणि "जुन्या फायली" असले फोल्डर असले की सेटअपटूल्स (पॅकेज बांधणारं साधन) गोंधळतं, नक्की कुठला फोल्डर पॅकेज म्हणायचा ते त्याला कळत नाही आणि बिल्डच करत नाही. कोडमध्ये सगळं काम "मेन" नावाच्या एका फंक्शनमध्ये पाहिजे आणि त्याने बाहेरून काही आर्ग्युमेंट मागायचं नाही, ते आर्गपार्स (कमांडच्या पुढे टाइप केलेलं वाचणारं पायथनचं मॉड्युल) स्वतः घेईल.

मग बाहेरच्या फोल्डरमध्ये पायप्रोजेक्ट.टॉमल:

[बिल्ड-सिस्टिम]
रिक्वायर्स = ["सेटअपटूल्स>=६१"]
बिल्ड-बॅकएंड = "सेटअपटूल्स.बिल्ड_मेटा"

[प्रोजेक्ट]
नेम = "युनिकर"
व्हर्जन = "०.१.०"
रिक्वायर्स-पायथन = ">=३.१०"
डिपेंडन्सीज = ["पायथन-डॉक्स"]

[प्रोजेक्ट.स्क्रिप्ट्स]
युनिकर = "युनिकर.सीएलआय:मेन"

शेवटची ओळ हीच सगळी जादू. डावीकडे कमांडचं नाव, उजवीकडे कुठल्या मॉड्युलमधलं कुठलं फंक्शन. इन्स्टॉल करताना पिप या ओळीवरून एक छोटी फाइल स्वतः तयार करतो, तिच्या पहिल्या ओळीत बरोब्बर त्याच पायथनचा पत्ता असतो ज्यात पॅकेज टाकलंय. त्यामुळे अलियास नको, सीएचमॉड (फाइलला चालवायची परवानगी देणारी कमांड) नको, शेबँगची (कुठल्या प्रोग्रामने चालवायचं ते सांगणारी पहिली ओळ) कटकट नको. विंडोजवर हाच प्रकार छोट्या .ईएक्सईच्या रूपात होतो.

डिपेंडन्सीत "पायथन-डॉक्स" असंच लिहा हां, नुसतं "डॉक्स" नाही. कोडमध्ये इम्पोर्ट डॉक्स असं असतं म्हणून लोक पिपलाही तेच नाव देतात आणि पायपीआयवर (पिप जिथून पॅकेजेस आणतो ते भांडार) त्या नावाचं एक भलतंच जुनाट पॅकेज आहे, ते येऊन बसतं आणि पायथन ३ वर इम्पोर्टलाच आपटतं.

आता टाकायचं कसं: सुडो एपीटी इन्स्टॉल पिपएक्स, मग पिपएक्स एन्शुअरपाथ, टर्मिनल बंद करून परत उघडा, प्रोजेक्ट फोल्डरमध्ये जाऊन पिपएक्स इन्स्टॉल . (शेवटचा टिंब विसरू नका). पिपएक्स प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (लायब्ररींची वेगळी खोली) करून देतो आणि फक्त कमांड तेवढी तुमच्या होममधल्या .लोकल/बिनमध्ये दिसेल अशी ठेवतो. सिस्टिमच्या पायथनला धक्का नाही.

सुडो_सम्राट

एवढं रामायण कशाला राव. --ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस टाकायचं आणि मोकळं व्हायचं, मी सगळ्या मशीनवर तेच करतो, आजवर काही मोडलं नाही. पायथन-डॉक्स टाकल्याने कुठलं उबुंटू कोसळणारे?

टर्मिनलवाला

पायथन-डॉक्सने नाही कोसळणार, मान्य. पण ते एकटं येत नाही, एलएक्सएमएल घेऊन येतं, उद्या अजून एक लायब्ररी, ती रिक्वेस्ट्स नाहीतर यूआरएललिब३ घेऊन येते आणि एपीटीने टाकलेले बरेच प्रोग्रामही त्याच दोन लायब्ररी वापरतात. सुडोशिवाय टाकलं तरी तुमच्या होममधली लायब्ररी तुमच्या लॉगिनखाली चालणाऱ्या सिस्टिमच्या स्क्रिप्टनाही आधी सापडते. तुम्ही एकटे वापरता, मोडलं तर तुम्हाला दुरुस्त करता येतं. दादांच्या ऑफिसात दिवाळी अंकाच्या गर्दीत मोडलं तर कोण बघणार? आणि पिपएक्सला असा कितीसा वेळ लागतो, दोन कमांड जास्त.

वैनगंगाकाठ

मी जरा उलटं बोलते. एका फायलीची स्क्रिप्ट असेल तर पॅकेज करायचीच काय गरज आहे? यूव्ही (पिप आणि पिपएक्स दोन्हीची कामं करणारा प्रोग्राम) टाका. पेप ७२३ प्रमाणे स्क्रिप्टच्या डोक्यावरच कमेंटमध्ये लिहून ठेवता येतं की मला काय लागतं:

# /// स्क्रिप्ट
# रिक्वायर्स-पायथन = ">=३.१०"
# डिपेंडन्सीज = ["पायथन-डॉक्स"]
# ///

आणि पहिल्या ओळीत शेबँग #!/यूएसआर/बिन/एन्व्ह -एस यूव्ही रन --स्क्रिप्ट. फाइलला चालवायची परवानगी दिली की बास. पहिल्यांदा चालवताना यूव्ही डिपेंडन्सी आणतं आणि कॅशमध्ये ठेवतं, पुढच्या वेळी कळतही नाही. हाताने लिहायचा कंटाळा असेल तर यूव्ही ॲड --स्क्रिप्ट म्हटलं की तो तुकडा स्वतःच घालतं. आमच्या लॅबमध्ये असल्या किरकोळ स्क्रिप्ट्स आम्ही सगळ्या अशाच ठेवल्यात, टॉमल फाइल एक पण नाही.

पण दादा, तुमची सीएसव्ही वेगळी आहे ना? मग तुमच्यासाठी हे तितकं बरोबर बसत नाही, दोन फायली सोबत फिरवाव्या लागतील आणि कोणीतरी एक विसरणारच. तक्ता कोडमध्येच डिक्शनरी म्हणून टाकायची तयारी असेल तर हा रस्ता, नाहीतर टर्मिनलवाले म्हणतात तसं. पिपएक्सच्या जागी यूव्ही टूल इन्स्टॉल . केलं तरी तेच काम होतं, फक्त लवकर होतं.

डीटीपी_दादा

सगळ्यांचे आभार. तक्ता कोडमध्ये नाही टाकणार कारण तो आमच्याकडे ऑपरेटर ताई सांभाळतात, त्या एक्सेलमध्ये उघडून ओळी घालतात, त्यांना पायथन दाखवलं तर त्या मला दाखवतील.

टर्मिनलवाल्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. माझ्या मशीनवर युनिकर म्हटलं की चाललं, काय आनंद झाला सांगू. पण दोन भानगडी. एक, माझ्या प्रोजेक्ट फोल्डरमध्ये असताना चालतं, दुसऱ्या फोल्डरमध्ये गेलं की "फाइल नॉट फाउंड: तक्ता.सीएसव्ही". दोन, मी दोन कमांड मधे && टाकून लावतो, आधी युनिकर आणि झालं की पीडीएफची कमांड, तर युनिकर नीट चालून फाइल तयार होते तरी पुढची कमांड सुरूच होत नाही. आधी स्क्रिप्ट म्हणून चालवायचो तेव्हा हे व्यवस्थित होत होतं, कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नाही.

बग_बहाद्दर

दुसऱ्या भानगडीचं उत्तर न बघता सांगतो, तुमच्या मेन फंक्शनच्या शेवटी रिटर्न काय आहे? काहीतरी आकडा परत करताय का?

डीटीपी_दादा

हो, किती फायली बदलल्या तो आकडा. का?

बग_बहाद्दर

तेच. पिपने बनवलेली ती छोटी फाइल उघडून बघा, .लोकल/बिन/युनिकर, कॅट केली तरी चालेल, साधा मजकूर आहे. आत शेवटची ओळ असेल सिस.एक्झिट(मेन()). म्हणजे मेन जे परत करेल ते थेट एक्झिट कोड होतं. तुम्ही ३ फायली बदलल्या की कोड ३, आणि शेलच्या लेखी शून्य सोडून काहीही म्हणजे नापास, म्हणून && पुढे जात नाही. आधी तुम्ही खाली नुसतं मेन() लिहिलं होतं, तिथे परत आलेला आकडा कोणी विचारतच नव्हतं. ट्रू परत केलं तरी हेच, ते १ धरलं जातं. आणि मजकूर परत केला, समजा "झालं", तर तो एररच्या जागी छापून कोड १ देतं, ते तर अजून बुचकळ्यात टाकणारं. आकडा प्रिंट करा आणि रिटर्न ० करा, किंवा काहीच रिटर्न करू नका, नन म्हणजेही शून्यच. खरंच काही बिघडलं तर रिटर्न १.

गंमत म्हणजे एकही फाइल बदलली नाही त्या दिवशी तुमची पीडीएफची कमांड अगदी शिस्तीत चालली असेल.

टर्मिनलवाला

सीएसव्हीचं मी सांगतो. कोडमध्ये ओपन("तक्ता.सीएसव्ही") असणार. नुसतं नाव दिलं की पायथन ती फाइल तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात तिथे शोधतो, स्क्रिप्ट कुठे आहे तिथे नाही. तक्ता आतल्या युनिकर फोल्डरमध्ये सीएलआय.पीवायच्या शेजारी ठेवा आणि असं वाचा:

फ्रॉम इम्पोर्टलिब.रिसोर्सेस इम्पोर्ट फाइल्स
मजकूर = फाइल्स("युनिकर").जॉइनपाथ("तक्ता.सीएसव्ही").रीड_टेक्स्ट(एन्कोडिंग="यूटीएफ-८-सिग")

पायथन ३.९ पासून हे आहे. यूटीएफ-८-सिग अशासाठी की एक्सेल "सीएसव्ही यूटीएफ-८" म्हणून सेव्ह करताना सुरुवातीला एक न दिसणारी खूण टाकतो, नुसतं यूटीएफ-८ लिहिलं तर ती खूण पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते आणि तो रकाना सापडत नाही.

पण एवढ्याने होणार नाही. सेटअपटूल्स फक्त .पीवाय फायली आपणहून उचलतं, सीएसव्ही नाही. टॉमलमध्ये खाली जोडा:

[टूल.सेटअपटूल्स.पॅकेज-डेटा]
युनिकर = ["*.सीएसव्ही"]

वैनगंगाकाठ

म्हणून मी सेटअपटूल्सच्या जागी हॅचलिंग वापरते, त्यात पॅकेजच्या फोल्डरमधलं सगळं आपसूक जातं, ही ओळ लागतच नाही.

टर्मिनलवाला

जातं, पण गिटइग्नोरमध्ये (गिटने कुठल्या फायली सोडायच्या त्याची यादी) *.सीएसव्ही लिहिलेलं असलं की तेही गपचूप वगळतं ताई, आणि डेटावाल्या लोकांच्या गिटइग्नोरमध्ये ते हमखास असतं. कुठलंही वापरा, बिल्ड झाल्यावर उघडून बघायची सवय ठेवा. पायथन३ -एम झिपफाइल -एल आणि पुढे व्हीलचं (बिल्डमधून निघणाऱ्या पॅकेज फायलीचं) नाव, आतली यादी समोर येते. व्हील म्हणजे शेवटी झिपच. यादीत तक्ता.सीएसव्ही दिसला तर पुढे जायचं.

आणि हे एडिटेबल इन्स्टॉल करून तपासू नका. पिपएक्स इन्स्टॉल --एडिटेबल . हे कोड लिहिताना फार सोयीचं आहे, बदल लगेच दिसतो, पण ते तुमच्या मूळ फोल्डरमधूनच वाचत असल्यामुळे तिथे सीएसव्ही सापडतेच. मग तुमच्याकडे चालतं आणि ऑपरेटर ताईंच्या मशीनवर नाही.

डीटीपी_दादा

दोन्ही सुटलं! झिपफाइलवाल्या कमांडने बघितलं, आधीच्या व्हीलमध्ये खरंच सीएसव्ही नव्हती. आता आहे.

आता विंडोज. तिथे काउंटरवरचा मुलगा बसतो, त्याला टर्मिनल म्हणजे काळी खिडकी एवढंच माहीत. पायइन्स्टॉलरने ईएक्सई करून देऊ का? आणि बाकीच्या उबुंटू मशीनांवर प्रत्येक ठिकाणी प्रोजेक्ट फोल्डर कॉपी करायचा का?

बग_बहाद्दर

उबुंटूवर फोल्डर नको, व्हील फिरवा. पिपएक्स रन बिल्ड म्हटलं की डिस्ट नावाच्या फोल्डरमध्ये युनिकर-०.१.०-पीवाय३-नन-एनी.डब्ल्यूएचएल तयार होईल. नावातलं "नन-एनी" म्हणजे कुठल्याही सिस्टिमवर चालेल, तुमचा कोड शुद्ध पायथन आहे म्हणून. ती ऑफिसच्या शेअर फोल्डरमध्ये ठेवा, प्रत्येक मशीनवर पिपएक्स इन्स्टॉल आणि त्या फायलीचा पत्ता. पायथन-डॉक्स आणि एलएक्सएमएल मात्र तेव्हाही नेटवरूनच येणार, त्या वेळी नेट चालू पाहिजे. पायपीआयवर टाकायच्या फंदात पडू नका, ऑफिसपुरती गोष्ट जगाला दाखवायची काही गरज नाही.

विंडोजवर पायइन्स्टॉलर चालतं, पण ईएक्सई विंडोजवर बसूनच करावी लागते, उबुंटूवर बनवली तर उबुंटूचीच होते. वनफाइल पर्याय दिलात तर एकच सुटसुटीत फाइल मिळते, मात्र ती दर वेळी टेंप फोल्डरमध्ये स्वतःला उलगडते म्हणून उघडायला वेळ लावते, आणि बऱ्याच अँटिव्हायरसना हा प्रकार संशयास्पद वाटतो, निरपराध फाइल उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतात. त्यापेक्षा वनडिर, फोल्डर मिळतो पण भांडण कमी. --कलेक्ट-डेटा युनिकर हे द्यायला विसरू नका, नाहीतर तक्त्याची तीच रड पुन्हा.

वैनगंगाकाठ

झिपॲप (सगळा प्रोग्राम एका झिप फायलीत) कोणी सुचवायच्या आत सांगते, ते इथे जमत नाही, एलएक्सएमएलमध्ये सीचा कंपाइल केलेला भाग आहे आणि तो झिपच्या आतून लोड होत नाही.

मी असते तर विंडोजवरही पायथनच टाकलं असतं. पीवाय -एम पिप इन्स्टॉल --यूजर पिपएक्स, मग पीवाय -एम पिपएक्स एन्शुअरपाथ, आणि तीच व्हील. एकच गोष्ट सगळीकडे, दोन बिल्ड सांभाळायला नको. काउंटरच्या मुलासाठी डेस्कटॉपवर एक दोन ओळींची बॅट फाइल ठेवा, वर्डची फाइल माउसने तिच्यावर सोडली की झालं, त्याला काळी खिडकी दिसली न दिसली सारखंच.

बाकी विंडोजवर एक नक्की बघा. कोडमध्ये जिथे जिथे ओपन आहे तिथे एन्कोडिंग लिहिलंय का? नाही लिहिलं तर आपल्याकडच्या इंग्रजी विंडोजवर पायथन साधारण सीपी१२५२ (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) धरतो. देवनागरी त्यातून वाचताना कधी नुसता कचरा येतो आणि कधी "चारमॅप कोडेक कान्ट डीकोड बाइट" म्हणून थांबतो. थांबण्याचं कारण बरेचदा आपला हलन्त असतो, यूटीएफ-८ मध्ये त्याचा शेवटचा बाइट ८डी आणि सीपी१२५२ मध्ये ८डी ही जागा रिकामी आहे. म्हणजे "कमल" असलेली फाइल कचरा होऊन का होईना उघडते आणि "पुस्तक" असलेली उघडतच नाही. लोक मग फाइल खराब आहे समजून ती परत टाइप करत बसतात. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच ठरलेलं असणार आहे, तोवर हाताने लिहा.

सुडो_सम्राट

हलन्ताचं भारी आहे, हे माहीत नव्हतं. बरं दादा, तुम्ही रात्री क्रॉनवर (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा) लावणार असाल तर अजून एक, क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) तोकडा असतो, /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच, .लोकल/बिन त्याला दिसत नाही. "कमांड नॉट फाउंड" येईल आणि तुम्ही पिपएक्सला शिव्या घालाल. क्रॉनमध्ये पूर्ण पत्ता लिहा. सुडो लावून चालवलं तरी तसंच होतं. (बघा, मीसुद्धा पिपएक्सच्या बाजूने बोलायला लागलो.)

डीटीपी_दादा

क्रॉन लावणारच होतो, वाचवलंत. एका मशीनवर दोन लॉगिन आहेत, दिवसा एक ताई, संध्याकाळी दुसऱ्या. दोघींच्या लॉगिनमध्ये वेगवेगळं टाकावं लागेल ना?

टर्मिनलवाला

एकदाच टाकता येतं. सुडो पिपएक्स_होम=/ऑप्ट/पिपएक्स पिपएक्स_बिन_डिर=/यूएसआर/लोकल/बिन पिपएक्स इन्स्टॉल आणि व्हीलचा पत्ता. कमांड /यूएसआर/लोकल/बिनमध्ये येते, ती सगळ्यांच्या पाथमध्ये असतेच. इथे सुडो आहे पण सिस्टिमच्या पायथनमध्ये काही जात नाही, सगळं /ऑप्टखालच्या स्वतंत्र एन्व्हायर्नमेंटमध्ये राहतं, त्यामुळे आधी मी जे नको म्हणालो ते हे नाही. नवीन व्हील आली की तीच कमांड, इन्स्टॉलच्या पुढे --फोर्स लावून.

पुढच्या वेळी उबुंटू अपग्रेड कराल तेव्हा पायथनची आवृत्ती बदलेल आणि युनिकर एकदम बंद पडेल, कारण आतलं एन्व्हायर्नमेंट जुन्या आवृत्तीवर बांधलेलं असतं. घाबरू नका, पिपएक्स रीइन्स्टॉल-ऑल, आणि /ऑप्टवाल्या मशीनवर तेच वरचे दोन व्हेरिएबल लावून. व्हील त्याच जागी ठेवा म्हणजे झालं, ती हलवली तर पिपएक्सला सापडणार नाही.

बग_बहाद्दर

आणि व्हर्जनचं राहिलं, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये म्हणाला होतात कोणाकडे काय आहे कळत नाही. कोडमध्ये वेगळा आकडा लिहू नका, टॉमलमधला एकच ठेवा आणि आर्गपार्सच्या --व्हर्जनला इम्पोर्टलिब.मेटाडेटामधल्या व्हर्जन("युनिकर") वरून द्या, जे इन्स्टॉल आहे तेच सांगेल. ताईंनी तक्त्यात दोन ओळी घातल्या तरी आकडा वाढवायचा हां, ०.१.१, ०.१.२ असा. तक्ता पॅकेजच्या आत गेलाय आता, नवीन व्हील केल्याशिवाय त्यांचा बदल कोणाकडे पोचणार नाही.

डीटीपी_दादा

हे मात्र त्यांना पटणार नाही, त्यांना तक्त्यात ओळ घातली की लगेच लागू झालेली पाहिजे. तक्ता बाहेरच ठेवून त्याचा पत्ता देता येईल का?

टर्मिनलवाला

येईल की. आर्गपार्समध्ये --तक्ता असा पर्याय घाला, दिला तर ती फाइल, नाही दिला तर पॅकेजमधली. शेअर फोल्डरवरच्या तक्त्याचा पत्ता एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवलात तर दर वेळी टाइप पण करायला नको. फक्त तो पत्ता नसेल किंवा शेअर बंद असेल तेव्हा गपचूप आतला जुना तक्ता वापरू नका, स्पष्ट एरर छापा आणि रिटर्न १, नाहीतर अर्धं पुस्तक जुन्या तक्त्याने बदलेल आणि प्रूफ वाचताना कळेल.

डीटीपी_दादा

समजलं. आज ०.२.० करतो आणि आधी ताईंच्याच मशीनवर टाकतो, त्यांच्याकडे चाललं तर कुठेही चालेल.